एनव्हिडियाचे मुक्त स्रोत ड्रायव्हर

एनव्हिडियाचे मुक्त स्रोत ड्रायव्हर म्हणजे लिनक्स प्रणालीवरील ग्राफिक्स ड्रायव्हरच्या कर्नल विभागाची एनव्हिडिया कंपनीने ११ मे २०२२ रोजी खुली केलेली मूळ संहिता होय. ड्रायव्हरच्या ५१५ या मालिकेबरोबर ती जीपीएल आणि एमआयटी अशा दुहेरी परवान्याखाली गिटहबवर प्रसिद्ध झाली. तोपर्यंत ही कंपनी आपला ड्रायव्हर केवळ यंत्रभाषेत, म्हणजे वाचता वा दुरुस्त करता न येणाऱ्या स्वरूपात देत असे.

पार्श्वभूमी

ड्रायव्हर हा यंत्रभाग आणि संगणक प्रणाली यांच्यातील दुभाषा असतो. प्रणालीची सर्वसाधारण आज्ञा तो त्या विशिष्ट यंत्राला समजेल अशा संकेतांत उतरवतो. या कामासाठी त्याचा एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, शिरून चालतो. तेथे झालेली एखादी चूक सबंध संगणक बंद पाडू शकते.

लिनक्सचा कर्नल जीपीएल परवान्याखाली असून त्याची संहिता सर्वांना खुली आहे. त्यात बंदिस्त ड्रायव्हर जोडला की कर्नल स्वतःवर ‘दूषित’ अशी खूण करतो. अशा संगणकावरील बिघाडाच्या तक्रारी कर्नलचे विकसक सहसा तपासत नाहीत, कारण दोष न दिसणाऱ्या भागात असेल तर शोधायचा कसा? शिवाय कर्नल बदलला की ड्रायव्हरचा सांधाही नव्याने जुळवावा लागे. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१२ मध्ये फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीरपणे आणि अतिशय कठोर शब्दांत टीका केली होती.

प्रतिस्पर्धी एएमडीने २००७ मध्येच आपल्या ग्राफिक्स कार्डांची तांत्रिक माहिती खुली करण्यास आरंभ केला होता. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी मात्र स्वयंसेवकांनी यंत्राच्या वर्तनाचे निरीक्षण करून उलट्या दिशेने ‘नूव्हो’ हा ड्रायव्हर रचला. २०१४ नंतरच्या कार्डांना कंपनीची स्वाक्षरी असलेले फर्मवेअर आवश्यक ठरल्याने त्यांची गती वाढवण्याचे साधनच नूव्होच्या हाती उरले नाही.

काय खुले झाले

२०१८ च्या ट्युरिंग रचनेपासून पुढील कार्डांत जीएसपी नावाचा एक छोटा स्वतंत्र प्रक्रियक बसवलेला असतो. कार्ड सुरू करणे, त्याची गती व वीजवापर सांभाळणे इत्यादी कामे, जी पूर्वी ड्रायव्हर करीत असे, ती आता बहुतांशी हा प्रक्रियक करतो. त्याचे फर्मवेअर आजही बंदिस्त आहे. म्हणजेच जे गुपित राखायचे होते ते ड्रायव्हरमधून कार्डात हलवले गेले आणि मग ड्रायव्हरचा दरवाजा उघडला, असे म्हणणे वावगे ठरणार नाही. ओपनजीएल, व्हल्कन आणि कुडा यांची अंमलबजावणी करणारा कर्नलबाहेरचा मोठा भागही खुला झालेला नाही.

तथापि लाभ लहान नाही. बिघाड नेमक्या कोणत्या ओळीत झाला हे आता कोणासही वाचून पाहता येते. जीएसपी फर्मवेअरचा उपयोग करून नव्या कार्डांना योग्य गतीने चालवण्याची सोय नूव्होमध्येही झाली. ती लिनक्स ६.७ मध्ये समाविष्ट आहे.

आरंभी ही संहिता केवळ संगणन केंद्रांतील कार्डांसाठी पक्की मानली गेली होती. घरगुती कार्डांसाठी ती प्रायोगिक अवस्थेत होती. ५६० या मालिकेपासून, २०२४ मध्ये, कंपनीने खुल्या विभागालाच प्रथम पसंती दिली. ब्लॅकवेल रचनेच्या कार्डांना तर दुसरा पर्यायच नाही.

पुणे जिल्ह्यातील संदर्भ

मुळशी तालुक्यातील हिंजवडी येथे राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यान आहे. लिनक्सवर चालणाऱ्या आज्ञावली लिहिणे हा तेथील नित्याचा व्यवसाय. पुण्यातच मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० मध्ये जगातील ५०० वेगवान संगणकांच्या यादीत ६३ व्या स्थानी होता. त्यात एनव्हिडियाची ए१०० ही कार्डे असून ती ट्युरिंगनंतरच्या रचनेची असल्याने या खुल्या संहितेच्या कक्षेत येतात. अशा यंत्रावर एकच गणित अनेक दिवस चालू शकते. ते मध्येच थांबले तर कारण शोधण्यासाठी केवळ उत्पादकाच्या उत्तरावर विसंबावे न लागणे ही लहान गोष्ट नव्हे.

जुनी कार्डे

मॅक्सवेल, पास्कल आणि व्होल्टा या रचनांच्या कार्डांत जीएसपी नाही. त्यांना खुली संहिता लागू होत नाही आणि ५८० ही त्यांना आधार देणारी शेवटची मालिका असल्याचे कंपनीने जाहीर केले आहे. शाळा, महाविद्यालये आणि घरे यांतून वापरले जाणारे जुने संगणक बहुधा याच पिढीतील कार्डांवर चालतात. त्यांच्यासाठी पुढे नूव्हो हाच मार्ग उरतो, आणि स्वाक्षरीच्या अटीमुळे त्यावर यांतील बहुतेक कार्डे आपल्या मूळ गतीच्या बऱ्याच खाली चालतात.