लातूरचं पाणी, गोव्याचा समुद्र

दोस्तांनो, २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपलं लातूर. इथल्या पोरांनी समुद्रात पोहायचं स्वप्न बघायचं का? बघायचंच!

गोव्यात २०१९ ला सुरू झालेली ‘आयर्नमॅन ७०.३’ म्हणजे १.९ किमी पोहणं, लगेच ९० किमी सायकल, वर २१.१ किमी धावणं; सगळं साडेआठ तासांत. सायकल हाणायला नांदेड-लातूर रस्ता आहे, धावायला कॉलेजचं मैदान. गाडी अडते ती पाण्यात. विहिरीत डोकं वर काढून मारलेले हात लांबच्या अंतरात दमवतात. म्हणून एप्रिल-मेच्या उन्हात जलतरण तलाव गाठा, तोंड पाण्यात ठेवून बाजूला श्वास घ्यायला शिका. गोदावरीत एकट्यानं उतरायचं धाडस मात्र नको.

पहिल्या वर्षी ‘स्प्रिंट’च धरा: ७५० मीटर, २० किमी, ५ किमी. गोव्याला जायचंच असेल, तर तिघांची रिले टीम करा. एक पोहणार, एक सायकलवर, एक धावणार. प्रवासखर्चही वाटून घेता येतो.

मिलिंद सोमणनं पूर्ण आयर्नमॅन केलं २०१५ मध्ये, पन्नाशीच्या उंबरठ्यावर. तुम्ही तर अजून विशीत आहात. सेमिस्टर संपलं की तलावाची फी भरून टाका!