सातबारा आणि राखीव जागेचा दाखला



बारावीचा निकाल लागला की गट ऑफिसात उसाच्या नोंदीऐवजी दाखल्यांच्याच गोष्टी सुरू होतात. एक म्हणतो, राखीव जागा जातीवर नकोत, गरिबीवर द्या. दुसरा म्हणतो, गरिबी चार चांगल्या हंगामांत फिटेल, जात फिटते का? दोघांचंही बोलणं सोडून देण्यासारखं नाही. परंतु गरीब कोण, हे सरकार कशानं मोजतं, एवढं कुणी विचारत नाही. शेतकऱ्याला ते दोन ठिकाणी दोन मापांनी मोजतं, आणि त्यात पोराची जागा राहते किंवा जाते.

शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापूर संस्थानात रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या मागास वर्गांसाठी राखल्या, तेव्हा जात पाहिली, कमाई नव्हे. कमाई हिशोबात आली ती १९९२ साली. मंडल आयोगाच्या शिफारशीवरून केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागास वर्गांना दिलेल्या २७ टक्के जागा सर्वोच्च न्यायालयाने इंद्रा साहनी खटल्यात कायम केल्या, पण या वर्गातली जी घरं पुढं गेली ती बाजूला काढा, असं सांगितलं. दुधावरची साय काढावी तसं. यालाच क्रिमी लेअर, सरकारी भाषेत उन्नत व प्रगत गट म्हणतात. आणि आपण त्यात नाही असं सांगणारा कागद तो नॉन-क्रिमी लेअर दाखला. निव्वळ आर्थिक निकषावरचं १० टक्के आरक्षण मात्र त्याच निकालाने रद्द झालं. ते परत आलं २०१९ च्या १०३ व्या घटनादुरुस्तीने, तेच ईडब्ल्यूएस. २०२२ साली न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ते मान्य केलं.

दोन्हीकडे आकडा एकच, वर्षाला ८ लाख रुपये. माप मात्र वेगळं.

इतर मागास वर्गाचा केंद्राचा नियम ८ सप्टेंबर १९९३ चा आहे. त्यात उत्पन्नाची मर्यादा तेव्हा १ लाख होती, ती वाढत २०१७ साली ८ लाख झाली. पण या ८ लाखांत शेतीचं उत्पन्न धरतच नाहीत. उसाचं बिल कितीही येवो. शेतकऱ्याची जमीन मोजतात, आणि तीही पाणी बघून. कमाल जमीन धारणा कायद्याच्या मर्यादेच्या ८५ टक्के किंवा जास्त बागायत असेल तर ते घर प्रगत. आपल्या राज्यात वर्षाला दोन पिकं निघतील अशा हमखास पाण्याच्या जमिनीची मर्यादा १८ एकर आहे, तेव्हा हा आकडा येतो साधारण सव्वापंधरा एकर. घर म्हणजे आईबाप आणि अज्ञान मुलं. सगळी जमीन जिरायत असेल तर ही अट लागूच होत नाही.

आता ईडब्ल्यूएस. केंद्राच्या नियमात इथं शेतीचं उत्पन्नही ८ लाखांत धरतात. शिवाय ५ एकर किंवा जास्त शेतजमीन असली की उत्पन्न कितीही कमी असो, दाखला नाही. ४ एकर ३९ गुंठेवाला बसतो, पुढच्या गुंठ्याला बाहेर. जमीन कालव्याखालची की माळाची, हे कुणी विचारत नाही. माण-खटावातल्या कोरडवाहू ५ एकरांत बाजरी आली तर आली. इकडं एकरी ४० टन आणि टनाला ३००० धरले, तर ५ एकर उसाचं बिल ६ लाख. त्यातून खत, मशागत, सोसायटीची वसुली जाते हे खरं. पण या दोघांना एकाच तराजूत घालणं आम्हाला मुळीच पटत नाही.

आपल्या सोयीच्या नियमावरचा आक्षेपही ऐकला पाहिजे. याच हिशोबाने १४ एकर उसाचं बिल १६ लाख ८० हजार होतं, तरी तो बागायतदार नॉन-क्रिमी लेअर. त्याच जातीचा, त्याच गल्लीतला किराणा दुकानदार सलग तीन वर्षं ८ लाखांवर गेला की बाहेर. तो कुरकुरला तर त्याचं चुकलं काय? आमचं म्हणणं एवढंच, की हुमणी लागली, पाटाचं पाणी चुकलं की बिल निम्म्यावर येतं, तेव्हा शेतकऱ्याची ऐपत बिलापेक्षा जमीन आणि पाणी यांवरून जास्त खरी कळते. मग ईडब्ल्यूएसला पाणी का बघू नये?

मराठा सभासदांनी हे विशेष ध्यानात घ्यावं. राज्याने २०२४ च्या कायद्याने दिलेलं १० टक्के आरक्षण राज्याच्या भरती-प्रवेशापुरतं आहे. केंद्राच्या नोकऱ्यांत किंवा आय.आय.टी.त ते चालत नाही. तिथं कुणबी दाखला असेल तर इतर मागास वर्ग, नसेल तर ईडब्ल्यूएस, म्हणजे ५ एकरांची अट आलीच.

ईडब्ल्यूएसमध्ये कुटुंब म्हणजे उमेदवार, आईवडील आणि १८ वर्षांखालची भावंडं. लग्न झालं असेल तर नवरा-बायको व लहान मुलंही. आजोबा, चुलते त्यात येत नाहीत. वेगवेगळ्या गावची जमीन मात्र एकत्र धरतात. तेव्हा सातबारा सामाईक असेल तर वडिलांच्या हिश्श्याचा ८-अ उतारा तलाठ्याकडून वेळीच काढून घ्यावा. उत्पन्न अर्जाच्या आधीच्या आर्थिक वर्षाचं लागतं व दाखला दरवर्षी नवा काढावा लागतो. ऊस बिलाचा उतारा हवा असल्यास सभासद क्रमांक सांगून हिशोब विभागात मागावा.