तुकड्यातुकड्यांनी व्यायाम

व्यायामासाठी सलग अर्धा-पाऊण तास काढावाच लागतो, ही समजूत वैद्यकशास्त्राने आता सोडून दिली आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१० च्या शिफारशींत, हालचाल किमान १० मिनिटे सलग झाली तरच ती हिशेबात धरावी अशी अट होती. २०२० च्या शिफारशींतून ती वगळण्यात आली. प्रौढांसाठी आठवड्याचे माप असे ठरले: मध्यम जोराची हालचाल १५० ते ३०० मिनिटे किंवा दमवणारी हालचाल ७५ ते १५० मिनिटे, आणि त्याशिवाय किमान दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम. ही मिनिटे एका बैठकीत जमवायची की दिवसभरात विखरून, हे ज्याने त्याने आपल्या दिनक्रमाप्रमाणे ठरवायचे.

भारतात या मोकळीकीचे महत्त्व जास्तच आहे. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या आकडेवारीनुसार, देशातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नाहीत. स्त्रियांमध्ये हे प्रमाण सुमारे ५७ टक्के आहे, पुरुषांमध्ये ४२. नोकरी, लोकलचा प्रवास, घरचा स्वयंपाक आणि मुलांचा अभ्यास सांभाळणाऱ्या बाईला ‘रोज तासभर चाला’ असे सांगणे सोपे आहे, पण तो तास तिला मिळत नाही. दिवसभर ओट्यापाशी उभे राहून पाय भरून येतात, तरी श्वास फुलत नाही. हृदय आणि फुप्फुसे मजबूत होण्यासाठी मात्र अधूनमधून श्वास फुलावाच लागतो.

थोड्या थोड्या हालचालीचे मोल दाखवणारा जुना आणि गाजलेला पुरावा लंडनच्या दुमजली बसमधला आहे. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये बसचालक आणि वाहक यांच्यातल्या हृदयविकाराची तुलना प्रसिद्ध केली. चालक पाळीभर बसून असे, तर तिकिटे फाडणारा वाहक दिवसाकाठी ५०० ते ७५० पायऱ्या चढे. हृदयविकाराचे प्रमाण वाहकांमध्ये स्पष्टपणे कमी आढळले. मॉरिस यांनी पुढे दोघांच्या गणवेशांची मापेही तपासली, तेव्हा चालकांची कंबर नोकरीच्या सुरुवातीपासूनच मोठी असल्याचे दिसले. म्हणजे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते. तरीही शारीरिक हालचाल आणि हृदय यांच्या नात्याचा शास्त्रीय शोध इथूनच जोमाने सुरू झाला. आणि वाहकाच्या त्या पायऱ्या सलग नव्हत्या. पाळीभर, थांब्याथांब्याला थोड्या थोड्या चढलेल्या होत्या.

जिन्याचीच थेट परीक्षा कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झाली. मार्टिन गिबाला यांच्या गटाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रयोगात व्यायाम न करणाऱ्या तरुणांना ६० पायऱ्यांचा जिना जोरात चढायला सांगितले. दिवसातून तीनदा, मध्ये एक ते चार तासांचे अंतर ठेवून, आठवड्यातून तीन दिवस, असा हा क्रम सहा आठवडे चालला. शेवटी त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता, म्हणजेच दमसास, सुमारे ५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. वाढ मोठी नाही, पण ती दिवसाला मोजकीच मिनिटे देऊन मिळालेली होती.

आपल्याकडच्या इमारतींत एका मजल्याला साधारण १८ ते २२ पायऱ्या असतात, तेव्हा ६० पायऱ्या म्हणजे तीन मजले झाले. घाईने चढू लागल्यावर पहिल्या मजल्यापर्यंत काहीच जाणवत नाही. दुसऱ्या मजल्याच्या आसपास मांड्या जड होतात. तिसऱ्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर छाती भात्यासारखी वरखाली होते आणि एक वाक्य सलग बोलणे अवघड जाते. हवा तो जोर हाच. तो ओळखायला घड्याळ किंवा यंत्र लागत नाही. बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, तर हालचाल मध्यम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर दमवणारी.

इतक्या थोड्या वेळात फरक पडतो, याचे कारण शरीराच्या घडणीत आहे. सावकाश चालताना स्नायूंतले थोडेच तंतू कामाला लागतात. अचानक जोर लावला की मोठे, एरवी स्वस्थ असलेले तंतूही ओढले जातात, हृदयाचे ठोके झपाट्याने वाढतात आणि स्नायूंना प्राणवायूची टंचाई जाणवते. ही टंचाई वारंवार आली की स्नायूंच्या पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात. शिवाय आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची वाट न पाहता आत घेऊ शकतो. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्यांसाठी ही फार मोलाची गोष्ट आहे.

रोजच्या जगण्यातल्या अशा क्षणांचा अभ्यास सिडनी विद्यापीठातले इमॅन्युएल स्टामाटाकिस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये ‘नेचर मेडिसिन’मध्ये मांडला. मोकळ्या वेळात व्यायाम न करणाऱ्या २५ हजारांहून अधिक ब्रिटिश लोकांच्या मनगटावरील यंत्रांच्या नोंदी त्यांनी सुमारे सात वर्षांच्या पाठपुराव्याशी ताडून पाहिल्या. बस पकडायला धावणे, जड पिशव्या उचलून झपझप चालणे, जिना चढणे अशी दिवसाकाठी चार-साडेचार मिनिटांची दमवणारी हालचाल ज्यांची होत होती, त्यांच्यात ती अजिबात नसलेल्यांपेक्षा मृत्यूचे प्रमाण सुमारे २६ ते ३० टक्क्यांनी कमी होते. हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. मुळात निरोगी असलेला माणूसच जास्त धावतो, ही शक्यता संशोधकांनी हिशेबात घेतली असली तरी पूर्ण पुसता येत नाही.

जोराचा तुकडा ही एक बाजू झाली. सलग बसणे मोडणे ही दुसरी. मेलबर्नमध्ये झालेल्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात जास्त वजनाच्या प्रौढांना दर २० मिनिटांनी खुर्चीवरून उठवून दोन मिनिटे चालवले. सलग बसून राहण्याच्या तुलनेत खाण्यानंतरची साखर बरीच कमी चढली, आणि चाल सावकाश असली तरी फायदा दिसला. जेवणानंतर शतपावली घालण्याची आपली रीत याच दिशेची आहे. शंभर पावले मिनिटभरात संपतात, म्हणून ती दहा मिनिटांपर्यंत वाढवलेली बरी. आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये काढलेल्या ‘वाय-ब्रेक’ या अ‍ॅपमध्येही कामाच्या जागी पाच मिनिटांत होणारी आसने आणि प्राणायाम दिलेले आहेत.

स्नायूंच्या ताकदीकडे सर्वात जास्त दुर्लक्ष होते, आणि तीच तुकड्यांत बसवायला सर्वात सोपी आहे. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत ओट्याला हात टेकून दहा-बारा बैठका होतात. दात घासताना टाचा उचलता येतात. जमिनीवर जोर जमत नसतील तर भिंतीला हात लावून काढावेत. पाठ भिंतीला टेकवून, गुडघे वाकवून, खुर्ची नसताना खुर्चीत बसल्यासारखे थांबणे हा व्यायाम दिसतो त्याहून कठीण आहे: पहिली २० सेकंदे सहज जातात, मग मांड्या थरथरू लागतात. असे स्थिर राहून करायचे व्यायाम रक्तदाब उतरवण्यात विशेष उपयोगी असल्याचे २०२३ मधल्या एका मोठ्या तौलनिक अभ्यासात आढळले. ते करताना श्वास मात्र रोखू नये.

ज्यांना एकच गोष्ट शिकायची आहे त्यांच्यासाठी सूर्यनमस्कार आहेत. औंध संस्थानचे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांचा हिरिरीने प्रसार केला आणि आपल्या संस्थानातल्या शाळांतही ते सुरू केले. जरा वेगाने घातले तर दहा नमस्कारांना तीन-चार मिनिटे लागतात. तेवढ्यात पाठ, खांदे आणि मांड्या कामाला लागून दमही लागतो.

मोबाइलवर गाजणाऱ्या ‘चार मिनिटांच्या’ तबाता व्यायामाबाबत सावध राहावे. इझुमी तबाता यांचा १९९६ चा मूळ प्रयोग तंदुरुस्त तरुणांवर, स्थिर सायकलवर, अक्षरशः दमून थांबेपर्यंत केलेला होता. नवख्याने त्याचे अनुकरण करण्यात अर्थ नाही. आधी एक मजला, आठवड्याने दोन, अशी चढण ठेवावी. गुडघे दुखत असतील तर जिना चढून लिफ्टने उतरावे, कारण उतरताना सांध्यावर भार अधिक येतो. उतारवयात कठडा सोडू नये. हृदयविकार, नियंत्रणात नसलेला रक्तदाब किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना विचारूनच जोर वाढवावा; छातीत दाब, चक्कर किंवा जबड्याकडे सरकणारी कळ जाणवली तर तत्काळ थांबून वैद्यकीय मदत घ्यावी. या तुकड्यांनी वजन फारसे उतरत नाही, कारण त्यांत खर्च होणारे उष्मांक थोडे असतात. लांब पल्ला चालण्या-पळण्याची तयारीही त्यांनी होत नाही. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी एखादी तासाभराची चाल लागतेच.