आठ बाय आठच्या चौकोनातला चेहरा

घाटकोपर पश्चिमेच्या एका फोटो स्टुडिओत दोन टोकांच्या मागण्या एकाच काउंटरवर येतात. बँक भरतीचा अर्ज भरणाऱ्या मुलीला फोटो २० ते ५० केबीत बसवून हवा असतो. शेजारच्या गृहस्थांना वारलेल्या वडिलांचा फोटो बारा बाय अठराच्या फ्रेमसाठी मोठा करून हवा असतो. मोबाइलवर छान दिसणारा फोटो छापताना का फाटतो, हे बघायला संपादकांनी पाठवलं होतं. मी रिटचिंग करणाऱ्या काकांच्या शेजारी बसलो.

काका आधी पिक्सेल बघतात, चेहरा नंतर. चांगल्या छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरतात. बारा बाय अठराला ३६०० गुणिले ५४००, म्हणजे सुमारे १ कोटी ९४ लाख पिक्सेल झाले. न दाबलेल्या टिफमध्ये ही फाइल ५८ एमबीची होते. जेपेगमध्ये थोडक्या एमबीत मावते.

ते कसं मावतं, यात मी रमलो. जेपेगचं प्रमाण १९९२चं, पण त्याच्या पोटातलं गणित नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली मांडलेलं. चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन पाडायचे, प्रत्येकातली छटा किती संथ आणि किती झरझर बदलते ते मोजायचं, आणि डोळ्याला न जाणवणारे बारीक बदल टाकून द्यायचे. फार सुंदर युक्ती आहे! पण काकांनी पडद्यावर वडिलांचा गाल मोठा केला, तेव्हा तेच चौकोन फरशीसारखे उठून दिसले.

खरी अडचण इथेच आहे. टाकलेलं परत येत नाही. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेला. लांब बाजूला जेमतेम १६०० पिक्सेल, म्हणजे अठरा इंचांत इंचाला ८९. फोटोशॉपमध्ये ३०० आकडा टाकला तर पिक्सेल वाढतात, तपशील वाढत नाही. एआय अ‍ॅप चेहरा लख्ख करतं, पण पापण्या आणि दात स्वतःच्या मनाने काढतं. मग घरचेच म्हणतात, हे आमचे बाबा नाहीत. म्हणून काका जुनी प्रिंट मागतात आणि स्कॅन करतात. पुष्कळ घरांत प्रिंट उरलेलीच नसते.

तेव्हा वाचकहो, माणसं आहेत तोवर मूळ फाइल जपा. अर्जासाठी फोटो लहान करायचा तर वेगळी प्रत काढा, आणि स्टुडिओला व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा.