चुमा, विकातानी आणि आजचा मलावी

ब्लँटायर (मलावी) : या शहराला नाव मिळाले ते मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या स्कॉटलंडमधील जन्मगावाचे. इथले सेंट मायकल अँड ऑल एंजल्स हे विटांचे चर्च क्लेमंट स्कॉट या मिशनऱ्याने १८८८ ते १८९१ या काळात स्थानिक कामगारांना हाताशी धरून बांधले. स्कॉटने वास्तुकलेचे शिक्षण घेतलेले नव्हते. तरीही ही देखणी वास्तू आज दिमाखात उभी आहे.

मलावीत चर्च रविवारपुरते नसते. २०१८च्या जनगणनेत या देशाची लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी भरली आणि त्यांत तीन-चतुर्थांशांहून अधिक ख्रिस्ती निघाले. आरोग्यसेवेचा मोठा भार मिशनची रुग्णालये उचलतात. हेस्टिंग्ज बांडा यांच्या एकपक्षीय राजवटीला १९९२ मध्ये उघड जाब विचारला तो कॅथलिक बिशपांनी, चर्चाचर्चांतून वाचून दाखवलेल्या पत्रातून. पुढच्याच वर्षी सार्वमत झाले आणि लोकांनी बहुपक्षीय लोकशाहीच्या बाजूने कौल दिला.

या देशाचा एक धागा थेट मुंबईच्या गिरगावात पोचतो. जुलै १८६१ मध्ये ब्लँटायरच्या परिसरात लिव्हिंगस्टन आणि बिशप मॅकेंझी यांच्या तुकडीने गुलामांचा तांडा अडवून ८४ जणांना सोडवले. चुमा आणि विकातानी ही याओ जमातीतली मुले त्या काळात मॅकेंझींच्या मिशनच्या आश्रयाला आली. तापाने, दुष्काळाने आणि लढायांनी ते मिशन पोखरले. मॅकेंझी वर्षभरातच वारले. त्यांच्यामागून आलेल्या बिशप टोझर यांनी १८६४ मध्ये मुक्काम झांझिबारला हलवला. सोडवून आणलेल्या विधवा आणि पोरक्या मुलांचे मग काय करायचे? काहींना होरेस वॉलर या मिशनऱ्याने दक्षिण आफ्रिकेतल्या केपला नेले. चुमा आणि विकातानी लिव्हिंगस्टनच्या ‘लेडी न्यासा’ या लहानशा आगबोटीतून समुद्र ओलांडून जून १८६४ मध्ये मुंबईला पोचले.

इथे त्यांना डॉ. जॉन विल्सन यांच्या स्कॉटिश मिशनकडे सोपवण्यात आले. विल्सन १८२९ पासून मुंबईत होते. गिरगावातले आंब्रोली चर्च आणि चौपाटीवरचे विल्सन कॉलेज त्याच मिशनच्या परंपरेतले. दोघांचा बाप्तिस्मा मुंबईतच झाला. जानेवारी १८६६ मध्ये लिव्हिंगस्टन त्यांना घेऊन परत निघाला, तेव्हा सोबत नाशिकच्या शरणपूरचे नऊ तरुण होते. अरबी समुद्रात गुलामांच्या गलबतांवरून सुटलेल्या आफ्रिकी मुलांना चर्च मिशनरी सोसायटी तिथे आसरा देत असे.

चुमाचे नाव इतिहासात राहिले. १८७३ मध्ये आजच्या झांबियात लिव्हिंगस्टन वारला, तेव्हा त्याचा सेवक सुसी, चुमा, शरणपुरात शिकलेला जेकब वेनराइट आणि त्यांच्या सोबत्यांनी त्याचा देह किनाऱ्यापर्यंत वाहून आणला. वेनराइट पुढे शवपेटीबरोबर लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत गेला. विकातानीची गोष्ट दोन ओळींची आहे : १८६६ मध्ये न्यासा (आजच्या मलावी) सरोवराकाठी पोचल्यावर ‘माझे आप्त इथेच आहेत’ असे सांगून तो मागे राहिला. मलावीतल्या पोरक्या मुलांचा विचार करताना या दोन ओळींचे मोल फार मोठे आहे.

एड्सच्या साथीने इथली घरेच्या घरे उघडी पडली. परदेशी मंडळ्यांनी कळवळून पैसा पाठवला आणि पुष्कळदा त्यातून अनाथालयाची इमारत उभी राहिली. पण आकडेवारीत ‘अनाथ’ म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकजण गमावलेले मूलही धरतात. मध्य आणि दक्षिण मलावीत कूळ आईकडून चालते, जमीनही बहुधा आईच्या कुळात राहते, भाच्यांवर मामाचा अधिकार असतो. बाप गेला तरी मूल आईच्या गावात आजी, मावश्यांच्या सावलीत असते. तिथे कमी असते ती माणसांची नव्हे. मक्याच्या पिठाची, उकडीसारख्या घट्ट ‘न्सिमा’ची, शाळेच्या वहीची आणि औषधाची.

मलावी सरकारने हे लवकर ओळखले. १९९२च्या मार्गदर्शक तत्त्वांत गाव आणि नातेवाईक पहिले, संस्था अगदी शेवटी असा क्रम घातला गेला. प्रेस्बिटेरियन चर्चच्या ब्लँटायर सिनडच्या ‘म्वानो’ या महिला मंडळाच्या बाया आजाऱ्यांच्या घरी जातात. परदेशातून आलेल्या मदतीला खरा हातभार अशा बायकांचाच लागतो, कारण कोणत्या झोपडीत चूल पेटलेली नाही हे त्यांना ठाऊक असते. मुंबईतल्या एखाद्या मंडळीने इकडे पैसे पाठवायचे ठरवले, तर नव्या इमारतीच्या नकाशाआधी अशा बायकांचा सल्ला घ्यावा.

मचिंजी हा पश्चिमेकडचा जिल्हा २००६ मध्ये जगभर गाजला. पॉपगायिका मॅडोनाने तिथल्या अनाथालयातले एक बाळ दत्तक घेतले आणि त्याचे वडील हयात असल्याचे कळताच वाद पेटला. त्याच वर्षी, त्याच जिल्ह्यात, कसलाही गाजावाजा न होता, सरकारने युनिसेफच्या साह्याने अतिगरीब आणि कमावता हात नसलेल्या कुटुंबांना थेट रोख रक्कम देण्याचा प्रयोग सुरू केला. नातवंडे सांभाळणाऱ्या आज्यांची घरे त्यात मोठ्या संख्येने होती. पुढे ही योजना देशातल्या सर्व जिल्ह्यांत पोचली.