वैरणीसाठी गंधक: स्वस्त कोणते, कामाचे कोणते?

वाशीम जिल्ह्यात सोयाबीन वाढले, ज्वारी मागे पडली आणि कडबा महागला. म्हशी सांभाळणारे आणि बकरी ईदसाठी बोकड तयार करणारे आमचे बांधव पाणी असेल तेथे लसूणघास व मका लावतात. युरिया टाकूनही पीक पिवळे राहिले की ते खताच्या दुकानात येतात, आणि दुकानदाराची परीक्षा तेथेच होते.

खालची जुनी पाने पिवळी असतील तर नत्र कमी. शेंड्याची नवी पाने सरसकट पिवळी असतील तर बहुधा गंधक कमी. शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा असेल तर लोह. पूर्वी सुपर फॉस्फेटबरोबर ११ टक्के गंधक आपोआप जमिनीत जात असे. त्याची जागा डीएपीने घेतली. १८:४६ मध्ये गंधक जवळजवळ नाहीच.

आता पोत्याचा हिशेब. ५० किलो सुपर फॉस्फेटमध्ये साडेपाच किलो गंधक, ५० किलो अमोनियम सल्फेटमध्ये सुमारे साडेअकरा किलो आणि वर दहा किलो नत्र. बेंटोनाइट गंधकाच्या मात्र दहा किलोंतच नऊ किलो! वाहतुकीला हलके, म्हणून तेच खपवावेसे वाटते. पण ते मूळ स्वरूपातील गंधक. जिवाणूंनी त्याचे सल्फेट केल्याशिवाय पिकाला ते घेता येत नाही. त्याला ओल, ऊब व काही आठवडे लागतात. लसूणघासाची पुढची कापणी तर महिन्याभरात येते. ग्राहकाने उभ्या घासाला ते नेले आणि फरक दिसला नाही, की उधारी अडते व नाव दुकानाचे जाते.

म्हणून आमचे मत असे: बेंटोनाइट पेरणीपूर्वी मातीत मिसळायला द्यावे. लसूणघास स्वतःचे नत्र स्वतः मिळवतो, त्याला सुपर फॉस्फेट किंवा जिप्सम पुरे. अमोनियम सल्फेट मका-ज्वारीला. आपल्या चुनखडीच्या जमिनीत ते उघड्यावर न ठेवता मातीआड करून पाणी द्यावे, नाहीतर नत्र हवेत जाते.

भुरीवर फवारायचे ८० टक्के गंधक हे खत नव्हे. त्याला कीटकनाशकांचा वेगळा परवाना लागतो, हे नव्या दुकानदारांनी ध्यानात ठेवावे.

२०१५ पासून मिळणाऱ्या जमीन आरोग्य पत्रिकेत गंधकाचाही रकाना असतो. ग्राहकाला ती आणायला सांगावी. आकडा दहा पीपीएमच्या वर असेल तर गंधक विकूच नये. वैरणीत गंधक फार झाले तर जनावराच्या अंगी तांबे लागत नाही.