झाड पाडण्याआधीचं गणित

समजा, गडमुडशिंगीत एका घराच्या परड्यात चिंचेचं मोठं झाड वाळलंय. एका बाजूला कौलारू घर, दुसऱ्या बाजूला विजेची तार. झाड काढायलाच हवं. 'दोर बांधून ओढला की पडतंय तिकडं' असा सल्ला कुणीतरी देणारच. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल, तर या सल्ल्याकडे गृहीतक म्हणून बघा आणि ते तपासा.

उंची. चौकोनी कागद तिरका दुमडला की ४५ अंशांचा कोन मिळतो. त्यातून शेंडा दिसेल इतकं मागं सरका. जमीन सपाट असेल तर बुंध्यापासूनचं अंतर अधिक तुमच्या डोळ्यांची उंची, म्हणजे झाडाची उंची. पण झाड तुमच्यापासून पलीकडे झुकलेलं असेल तर उत्तर कमी येतं, आणि इथं तीच चूक धोक्याची. म्हणून झुकाव आहे त्या रेषेत दोन्ही बाजूंनी मोजा आणि सरासरी घ्या. झुकावाची चूक निघून जाते.

वेग. उत्तर १५ मीटर आलं असं धरू. झाड म्हणजे बुंध्यापाशी फिरणारा सरळ, एकसारखा दांडा मानला, तर शेंडा जमिनीवर आदळतानाचा वेग √(३gL), म्हणजे सेकंदाला सुमारे २१ मीटर. तासाला ७५ किलोमीटर! हवेच्या विरोधाने तो थोडा कमी होईल. पण माणूस दोर हातात धरून हे थांबवू शकत नाही.

बिजागरी. मग दिशा कोण ठरवतं? पडायच्या बाजूला खाच घेतात, मागून काप देतात आणि मध्ये न कापलेली लाकडाची पट्टी ठेवतात. तिची जाडी बुंध्याच्या व्यासाच्या साधारण दहावा भाग. झाड तिच्यावर वळत खाली येतं. यात दडलेलं गृहीतक म्हणजे लाकूड वाकेल. ओलं लाकूड वाकतं. वाळलेलं मध्येच तुटतं आणि दिशा सुटते. म्हणजे आपल्या झाडाला नेहमीचा सल्ला लागूच होत नाही.

तुकड्यांनी उतरवलं तर? १०० किलोचा ओंडका दोराला बांधून कापला. दोर ताणला जाण्याआधी तो २ मीटर पडला आणि दोर अर्धा मीटर ताणला गेला. दोर स्प्रिंगसारखा धरला, तर ऊर्जेच्या समीकरणातून कमाल ताण वजनाच्या १० पट येतो, म्हणजे सुमारे एक टन वजनाएवढा. दोर झाडावरच्याच कप्पीतून खाली आणला असेल, तर कप्पीवर जवळपास त्याच्या दुप्पट. दोर आधीच ताठ असेल तर १० पटीऐवजी फक्त २ पट. फरक दोराच्या जाडीचा नाही, ढिलाईचा आहे.

वाळलेल्या खोडावर चढणं आणि त्यालाच असा झटका देणं, दोन्ही नको. क्रेनने वरून धरून, उचल-पाळण्यातल्या प्रशिक्षित माणसाने लहान तुकडे करायचे. त्याआधी महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घ्यायचा. खाली कुणी थांबायचं नाही. चिंच १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, त्यामुळे परवानगीही आधीच.

आता वरचे परिच्छेद पुन्हा बघा. प्रत्येक ठिकाणी एक 'समजा' किंवा 'धरलं' आहे: जमीन सपाट, दांडा एकसारखा, लाकूड ओलं, दोर स्प्रिंगसारखा. गणितं सोपी होती. निर्णय बदलला तो 'लाकूड ओलं' हे खोटं ठरल्यामुळे. तुमच्या संशोधन आराखड्यात सूत्रांशेजारी हा रकाना ठेवा: काय धरलंय, आणि ते चुकलं तर कुणाच्या डोक्यावर काय पडेल.